चालत खेळायला हलकी गोल्फ बॅग: दोन पावसाळे खांद्यावर घेऊन झाल्यावर सांगतोय

आधी मुद्द्याचं सांगतो. गोल्फ बॅग घेताना रिकाम्या बॅगचं वजन बघून घेऊ नका, ती भरा, खांद्यावर घाला आणि वीस मिनिटं चाला, जमलं तर एखादा जिना चढून बघा, मग ठरवा. मी हे उलट्या क्रमाने केलं, वेबसाईटवर ग्राम मोजत बसलो आणि त्यात एक बॅग वाया गेली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या भागातल्या कुणाला चालत खेळायची हौस असेल तर त्याचे तरी पैसे वाचू देत. आपल्याकडे दहा बॅगा ओळीने मांडलेलं दुकान नाही, हात लावून बघायचं तर पुणं नाहीतर बेंगळूर गाठायचं, नाहीतर फोटो बघून ऑनलाईन मागवायची, आणि फोटोत सगळ्याच बॅगा हलक्या दिसतात.

माझं बेळगावात उद्यमबागला छोटं मशीन शॉप आहे. दर रविवारी आणि जमलं तर बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी रेसकोर्सकडच्या गोल्फ मैदानावर जातो. चालतच खेळतो, ते चालणंच मला जास्त आवडतं, सकाळी धुकं असतं, गवतावर दव असतं, एक फटका मारून पुढच्या फटक्यापर्यंत जे दोनशे पावलं जातो त्यात डोकं शांत होतं. अठरा होल, म्हणजे एक पूर्ण राऊंड, चालत खेळलं की आठ ते दहा किलोमीटर होतात, बॉल सरळ गेला तर कमी, इकडेतिकडे गेला तर जास्त.

बरीच वर्षं माझी बॅग मामा उचलायचे. मामा म्हणजे आमचे कॅडी, सुळग्याकडचे, आता पासष्टी ओलांडलीय त्यांनी. सगळेच त्यांना मामा म्हणतात. माझी तेव्हाची बॅग म्हणजे मोठी, चामड्यासारख्या जाड रेक्झिनची, सहा-सात खिशांची, गोल्फच्या बग्गीच्या मागे बांधायला बनवलेली. मला ती एका ओळखीच्या माणसाने परदेशातून येताना आणून दिलेली, दिसायला राजेशाही, मी पण खूश. मामा काही बोलायचे नाहीत. चढावर मात्र थांबायचे, बॅग खाली ठेवायचे, पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचे, आणि मी ते बघत होतो पण माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं याचं मला आजही वाईट वाटतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या आला ते सगळ्यांना आठवत असेलच. जाधवनगरला एका कामगारावर हल्ला झाला, मग बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत आहे म्हणून शोध सुरू झाला, आजूबाजूच्या शाळांना सुट्ट्या दिल्या, शिवमोग्याजवळच्या सक्रेबैलच्या हत्ती कॅम्पातून हत्ती आणले, ड्रोन फिरले. अशात खेळायला कोण जाणार. बॅग घरीच पडून होती, म्हणून एक दिवस ती शॉपवर नेली, म्हटलं धुवून पुसून ठेवू, आणि आमच्याकडे मालाच्या वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे त्यावर सहज ठेवली. तेरा किलो तीनशे ग्राम. मी काटा झीरो करून परत ठेवली. तेवढंच. आमचा पोरगा जो काम करतो तो म्हणाला साहेब एवढ्या वजनाचं कास्टिंग एका हाताने उचलू नका म्हणून तुम्हीच आम्हाला सांगता की. म्हणजे पासष्ट वर्षांचा होत आलेला माणूस तेरा किलो घेऊन दहा किलोमीटर माझ्यामागे चालत होता आणि मी हात हलवत पुढे.

मग एकेक वस्तू काढून वजन केलं. हे आकडे नीट वाचा कारण सगळा खेळ यातच आहे. रिकामी बॅग ४ किलो २०० ग्राम. चौदा क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, मिळून ५ किलो ९०० च्या आसपास, लांब फटक्याचा ड्रायव्हर दिसायला मोठा पण तो सगळ्यात हलका, तीनशे ग्रामच्या जरा वर, लोखंडी डोक्याचे आयर्न एकेक सव्वाचारशे-साडेचारशे, बॉल भोकात ढकलायचा पटर सगळ्यात जड, अर्ध्या किलोच्या वर. बॉल निघाले चौदा, नियमाप्रमाणे बॉल जास्तीत जास्त ४५.९३ ग्रामचा असतो म्हणजे ते साडेसहाशे ग्राम झाले. पाण्याची बाटली एक किलोच्या वर. छत्री सहाशे. आणि बाकी नऊशे ग्राम निव्वळ अडगळ, जुनं जॅकेट, तीन हातमोजे ज्यातला एक फाटका, बॉल ठेवायच्या मूठभर टी, कुठल्यातरी स्पर्धेचे कागद, सनस्क्रीनच्या दोन ट्यूब, आणि तळाशी चक्क एक दहाचा पाना जो मी शॉपमध्ये महिनाभर शोधत होतो.

त्या दिवशी ठरवलं, हलकी बॅग घ्यायची.

आणि इथेच पहिली चूक झाली. रात्री बसून सगळ्या वेबसाईट बघितल्या, वजनाच्या क्रमाने लावल्या आणि जी सगळ्यात हलकी आणि खिशाला परवडणारी होती ती मागवली, बाराशे ग्रामची स्टँड बॅग. कंपनीचं नाव लिहीत नाही, सांगायचं ते बनावटीबद्दल आहे. बॅग आली, करंगळीवर उचलली जाते अशी, घरात सगळ्यांना उचलून दाखवली. रविवारी मामांकडे दिली. मामांनी काय केलं माहितीय का, क्लब भरले, मग वरचं हँडल नुसतं दोन बोटांवर धरलं आणि बॅग लोंबू दिली. तळ खाली गेला, तोंड वर. मग पट्टे खांद्यावर चढवून पाच-दहा पावलं गेले, वळले, आणि म्हणाले, "रि सायेब, हलकी हाय खरं शेपटाकडं वजन जातंय बघा. चढाला पाठ मागं ओढणार ही."

मी म्हटलं सवय होईल. सवय झाली नाही. पाचव्या होलपर्यंत त्यांच्या खांद्याला पट्ट्याने लाल वळ उठला, पट्टा म्हणजे दोन बोटं रुंदीची निवाडाची पट्टी आणि त्यात नावाला पातळसा फोम. वजन वाचवायला कंपनीने जिथे माणसाचं अंग लागतं तिथलाच फोम काढला होता. बॅगचं वजन तीन किलोने कमी होऊनही मामा म्हणाले जुनी बरी होती, निदान टोचत तरी नव्हती. हे वाक्य मला लागलं आणि तिथून मी ही गोष्ट नीट शिकायला सुरुवात केली.

दोन महिन्यांत त्या बॅगचा एक पाय पण गेला. स्टँड बॅग ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बॅगच्या बुडाला बिजागरीसारखा हलणारा तुकडा असतो, बॅग जमिनीवर टेकवून जरा कलती केली की तो तुकडा दाबला जातो, त्याला जोडलेली बारीक सळी वर सरकते आणि वरच्या बाजूला असलेले दोन पाय बाहेर फेकते, उचलली की पाय परत अंगाला चिकटतात. साधी लिंकेज आहे, पण एका राऊंडमध्ये शंभरच्या आसपास वेळा उघडझाप होते, म्हणजे दोन महिन्यांत किती झाली बघा. माझ्या बॅगमध्ये पाय जिथे फिरतो तिथे प्लास्टिकमध्ये सरळ भोक होतं आणि त्यात लोखंडी पिन, मध्ये झीज घेणारी बुश, म्हणजे छोटी नळी, नाही काही नाही. भोक अंड्यासारखं लांबट झालं, पाय डुगडुगायला लागला आणि एक दिवस पावसात ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेला बॅग तोंडावर पडली, सगळे क्लब चिखलात. कंपनीला मेल केला, फोटो पाठवले, उत्तर आलं की हा भाग सुटा मिळत नाही. शेवटी शॉपवर भोक मोठं करून नायलॉनची बुश लेथवर कातून दाबून घट्ट बसवली. ती बुश अजून टिकून आहे, बाकीची बॅग फाटली. उद्यमबागमध्ये आहे म्हणून मला जमलं, प्रत्येकाकडे लेथ नसतो, म्हणून तुम्ही घेताना पाय उघडून हाताने आडवा हलवून बघा, जोडापाशी ढिलं लागलं तर ती बॅग तिथेच ठेवा.

आता दुसरी बॅग, जी सध्या वापरतोय. ही घ्यायला मुद्दाम पुण्याला गेलो, कारखान्याचं काम काढलं आणि सोबत एका थैलीत माझे दहा क्लब, सहा बॉल आणि भरलेली पाण्याची बाटली घेऊन गेलो. दुकानातल्या पोराला आधी कळेना मी काय करतोय, मग त्यालाही मजा वाटली. चार बॅगा भरून बघितल्या. प्रत्येक बॅग मामांसारखी दोन बोटांवर लोंबवली, मग दोन्ही पट्टे घालून दुकानाचा जिना तीन वेळा वरखाली केला. जी घेतली ती चारांतली सगळ्यात हलकी नव्हती, १ किलो ७०० ग्रामची आहे, तिच्या शेजारी एक चौदाशे ग्रामची पण होती. पण ही दोन बोटांवर जवळजवळ आडवी राहिली, तोंडाकडून अगदी किंचित वर. खांद्यावर घातली की बॅग कमरेच्या वरच्या भागावर आडवी टेकते आणि क्लबची डोकी डाव्या कोपराच्या पुढे येतात, चालताना हाताला लागत नाहीत.

पट्ट्याबद्दल जरा जास्त लिहितो कारण खरं काम तोच करतो. दोन खांद्यांचा पट्टा पाहिजेच, एका खांद्याच्या पट्ट्यावर अठरा होल चाललात तर दुसऱ्या दिवशी मान वळत नाही. पण नुसते दोन पट्टे असून भागत नाही. दोन्ही पट्टे पाठीमागे एका ठिकाणी एकमेकांवरून सरकत जुळतात, त्या जोडात सरकायला जागा असेल तर चालताना एक खांदा वर एक खाली झाला तरी वजन आपोआप वाटलं जातं, जोड पक्का शिवलेला असेल तर सगळा भार एकाच बाजूला अडकतो. माझ्यात तिथे गोल प्लास्टिकची कडी आहे आणि पट्टा त्यातून फिरतो. दुसरं, पट्ट्याची लांबी चार ठिकाणी कमीजास्त करता येते, मामा पाच फूट तीन, मी पाच फूट दहा, दोघांना तीच बॅग बसली पाहिजे ही माझी अट होती. फोम दाबून बघा, अंगठ्याने दाबल्यावर खालची पट्टी हाताला लागत असेल तर तो फोम एका पावसाळ्यात पापड होणार. आणि कमरेला टेकतं ते पॅड, त्याला जाळीचं कापड असेल तर घाम सुकतो, गुळगुळीत रेक्झिन असेल तर मार्च-एप्रिलमध्ये शर्ट पाठीला चिकटून बसतो.

वरच्या तोंडाचे खण किती असावेत यावर लोक फार वाद घालतात. टायटलिस्टच्या प्लेयर्स ४ मधला चार आणि पिंगच्या हूफर १४ मधला चौदा हे आकडे खणांचेच आहेत. चौदा खणांत प्रत्येक क्लबला आपलं घर मिळतं, आवाज कमी होतो, पण तोंड रुंद होतं, प्लास्टिक वाढतं आणि वजन वाढतं. चालणाऱ्याला चार किंवा पाच खण पुरतात. फक्त एक बघा, खणांचं कापड तळापर्यंत गेलंय की अर्ध्यातच सोडलंय. अर्ध्यात सोडलेलं असलं की खाली सगळ्या ग्रिप एकमेकांत गुंततात आणि सात नंबर ओढला की त्याच्यासोबत नऊ नंबर पण वर येतो. आणि खणांच्या कडेला मऊ लव असलेलं कापड हवं, नाहीतर ग्रॅफाइट शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, त्याच जागी घासून पांढरी रेघ पडते, माझ्या ड्रायव्हरवर पडलीय, पहिल्या बॅगची कृपा.

क्लब किती न्यायचे हा खरा प्रश्न आहे आणि याकडे कुणी बघतच नाही. नियम म्हणतो जास्तीत जास्त चौदा, कमीत कमी किती असं काही नाही. हा चौदाचा नियम आला तो अमेरिकेत १९३८ ला आणि ब्रिटनमध्ये १९३९ ला, त्याच्या आधी काही खेळाडू पंचवीस-तीस क्लब घेऊन फिरायचे, आणि ते उचलायचा कॅडी. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीपण मामांचाच प्रश्न होता. मी चार काढले, तीन नंबर वूड, चार नंबर आयर्न आणि दोन वेज, म्हणजे जवळून उंच मारायचे क्लब. एक किलो सहाशे ग्राम गेले. ही गोष्ट समजून घ्या, कार्बन फायबरचे पाय असलेली महागडी बॅग घेऊन जेवढे ग्राम वाचतात त्याच्या किती पट हे फुकटात वाचले. स्कोअरवर फरक पडला का? पहिले तीन रविवार चुकल्यासारखं झालं, ऐंशी यार्डावरून हाताला सवयीचा वेज नाही, मग सँड वेज अर्धा मारायला शिकलो. आता जे काढले त्यांची आठवणपण येत नाही.

सध्या भरलेली बॅग अशी, बॅग १७००, दहा क्लब ४३००, सहा बॉल पावणेतीनशे, पाऊण लिटरची बाटली साडेआठशे, हातमोजा-टी-टॉवेल दोनशे आणि रेन हूड, म्हणजे पावसात बॅगच्या तोंडावर घालायचं झाकण, दीडशे. साडेसात किलोच्या आत. तेरा तीनशेवरून साडेसात. त्यातले अडीच किलो बॅग बदलून गेले आणि सव्वातीन किलो आत काय भरतो ते बदलून गेले.

आता आपला पाऊस. बेळगावच्या माणसाला बॅगेबद्दल पहिला प्रश्न पावसाचाच पडला पाहिजे, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथे झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, पुण्याच्या लोकांनी लिहिलेले रिव्ह्यू इथे उपयोगाचे नाहीत. पहिली बॅग एकदा भिजल्यावर काट्यावर ठेवली होती, चारशे ग्राम पाणी प्यायली होती, म्हणजे बाराशेची सोळाशे झाली, मग हलकी कशाला घेतली. पूर्ण वॉटरप्रूफ बॅग मिळते, आतून शिवणींवर टेप लावलेली आणि रबरी चेनची, ती महाग पण आणि थोडी जडपण. मी मधली घेतली, कापड ४२० डेनिअरचं नायलॉन, आतून कोटिंग. डेनिअर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्राममधलं वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. पाणी वरून ओघळून जातं, शिवणीतून थोडं झिरपतं. तासभर पिरपिर असेल तर काही होत नाही, धो धो आला तर बॉलच्या खिशात पाणी साठतं. त्याला मी खिशाच्या तळाला तापलेल्या सुईने दोन बारीक भोकं पाडून ठेवलीत, साठलेलं पाणी निघून जातं. मोबाईल आणि गाडीची किल्ली मात्र प्लास्टिकच्या पिशवीतच, कुठल्याही बॅगवर विश्वास ठेवू नका.

पाण्यापेक्षा त्रास चिखलाचा आहे. आपली तांबडी माती ओली झाली की लोण्यासारखी आणि सुकली की विटेसारखी. बुडाच्या त्या हलणाऱ्या तुकड्यात ती जाऊन बसते, सुकते, आणि पुढच्या रविवारी बॅग टेकवली की पाय उघडतच नाहीत, जोर लावला की सळी वाकते. म्हणून राऊंड झाला की घरी जायच्या आधी नळाखाली बुड धुवायचं, जुन्या टूथब्रशने बिजागरी घासायची आणि बॅग उलटी टांगायची. दोन मिनिटांचं काम आहे, मी दोन पावसाळे न चुकता केलं आणि पाय आजही पहिल्या दिवसासारखे उघडतात. ग्रीस अजिबात लावू नका, माती धरून ठेवतं. लावायचंच तर मेण चोळा, साधी मेणबत्ती चालते.

या बॅगचे दोष पण सांगतो. बॉलच्या खिशाची चेन आठव्या महिन्यात गेली, दात नाही गेले, सरकवायचा तुकडा ढिला झाला. शहापूरला स्कूलबॅग शिवणाऱ्या एका कारागिराकडे नेली, त्याने पक्कडने तुकडा दाबून बघितला, नाही टिकणार म्हणाला, पूर्ण चेन उसवून मोठ्या दातांची नवी लावून दिली, जाताना पट्ट्याच्या मुळाशी न सांगता दोन टाके जास्तीचे मारले. एवढं चांगलं काम कंपनीने पण केलं नव्हतं. दुसरा दोष, पाण्याच्या बाटलीचा खिसा इतका मागे आहे की बॅग खांद्यावर असताना हात पोचत नाही, दरवेळी बॅग उतरवायची. घेताना हे बघायचं राहून गेलं. तिसरा, चालताना पाय एकमेकांवर आपटून टकटक आवाज येतो, सोबतचा कुणी पट, म्हणजे पटरचा हलका फटका, मारत असेल तर अवघडल्यासारखं होतं. पायांना बांधायला छोटा पट्टा दिलाय तो बांधला की आवाज बंद, पण मग प्रत्येक वेळी सोडायचा. मी सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा कापून एका पायावर चढवलाय, आवाज गेला.

पेन्सिल बॅग म्हणून जी नळीसारखी बारीक बॅग मिळते ती पण काही दिवस एका मित्राची वापरून बघितली. सहा-सात क्लब घेऊन संध्याकाळी नऊ होल खेळायला झकास, किलोभराच्या आत, पण तिला पाय नसतात, ओल्या गवतावर आडवी ठेवावी लागते आणि दरवेळी वाकावं लागतं. पावसाळ्यात आणि कंबरदुखी असणाऱ्यांना नको. ढकलायची ट्रॉली ज्यांच्या खांद्याला खरंच दुखापत आहे त्यांनी जरूर घ्यावी, सपाटीवर मस्त चालते, ओल्या मातीत मात्र चाकं लाल गोळे होतात.

किंमत मला साडेअकरा हजार पडली, चेनचे दीडशे वेगळे. पहिल्या बॅगवर गेलेले साडेसहा हजार यात धरले तर महागात पडलं. चाळीस हजारांच्या पण बॅगा असतात, आपल्याला त्यांची गरज नाही असं माझं प्रामाणिक मत आहे. कुणाला दुकानात जाऊन बघणं शक्य नसेल तर निदान परत करायची सोय असलेल्या ठिकाणाहून मागवा आणि आल्या दिवशी टॅग न काढता घरात भरून चालून बघा, गच्चीवर चार फेऱ्या मारा.

एक गोष्ट राहिली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरची अदिती अशोक चौथी आली, थोडक्यात मेडल हुकलं, तेव्हा आपल्यातले बरेच जण पहाटे उठून गोल्फ बघत होते. तिची बॅग उचलायला तिची आई होती, महेश्वरी. जपानच्या त्या उन्हात चार दिवस. तेव्हा आम्ही सगळे अदितीचे पट बघत होतो. आता ती मॅच आठवली की मला आईच्या खांद्यावरचा पट्टा आठवतो, ही सवय मामांमुळे लागली.

मामांचा गुडघा मागच्या वर्षी जास्तच दुखायला लागला. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं. मी म्हटलं मामा तुम्ही या, बॅग मी घेतो, तुम्ही फक्त पुढे थांबून बॉल बघा, मजुरी तीच. पहिल्या दिवशी त्यांना ते पटेना, माझ्या खांद्यावर बॅग बघून सारखे पट्ट्याला हात घालायचे, "द्या की रि हिकडं, कसं दिसतंय ते". आता सवय झालीय. पावसाळ्यात गवत गुडघ्याएवढं वाढतं तिथे माझा बॉल त्यांच्याशिवाय कुणाला सापडत नाही, पूर्वी महिन्याला डझनभर हरवायचे आता दोन-तीन, म्हणून तर सहा बॉलवर भागतं.

गेल्या रविवारी सातव्या होलच्या चढावर मी थांबलो, दम लागला होता. मामा मागून आले, बॅगचं बूड जरा वर उचलून धरलं, डावा पट्टा बोटभर आवळला आणि सोडून दिलं. "आता बघा," म्हणाले. वजन खांद्यावरून उतरून कमरेवर बसलं. दोन पावसाळे ती बॅग वापरतोय आणि डावा पट्टा बोटभर सैल होता हे मला कळलं नव्हतं. तेव्हा तुम्ही घ्याल तेव्हा आरशासमोर उभं राहून किंवा कुणालातरी मागून बघायला सांगून पट्टे लावा, आणि डाव्या-उजव्या पट्ट्यावर मार्करने खूण करून ठेवा, मी केलीय.